ताई, शेवटचा भाग कुणाबरोबर बघितलास?

अगं ए ताई,

आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतात की तुझ्याशी कुणी भांडतच नाही. आप्पा तर आता कशालाच नाही म्हणत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट्याने जेवतात. मग हे काम करायचं कुणी? मीच उरले ना!

आणि आजच का, तर रविवारी मला अक्कांच्या घरी बोलावलंय. तुझ्या त्या ग्रुपमधल्या अक्का. तुझी सगळी माणसं तिथे जमणार आहेत. जायचं की नाही हे मला ठरवायचंय आणि तुला चार गोष्टी सुनावल्याशिवाय ते ठरणार नाही. त्यातली पहिली म्हणजे, मला त्या माणसांचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अंगाची आग होते.

पत्ता कुठला लिहू? आपल्या घरात आत्मा मानत नाहीत, भूत मानत नाहीत. माणूस गेला की गेला, मागे त्याचं काम राहतं, असं आप्पांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. मग हे वाचणार कोण? पण त्याच आप्पांच्या घरात, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या खोलीत, आपण दोघी शनिवारच्या दुपारी खिडकीला चादर बांधून भुतं मारणाऱ्या दोन भावांची मालिका बघायचो. तेव्हा कुठे गेले होते आपले विचार!

आई गेल्यानंतरचंच वर्ष ते. मी पाचवीत, तू नुकती नोकरीला लागलेली. परदेशातली मालिका, तू कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आणायचीस. दोन भाऊ, एक खटारा व्हॅन, मागे हत्यारांची लोखंडी पेटी, आणि गावोगावी हिंडून राक्षस संपवायचे. त्यांची नावं मला धड म्हणता येईनात म्हणून तू त्यांना थोरला आणि धाकटा करून टाकलंस. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मला मराठीत सांगायचीस, तेही असलं सोलापुरी! तुझा राक्षस म्हणायचा, "कुटं पळतोस रं, हितं ये की!" पुढे पुण्यात मी तेच भाग इंग्रजीत ऐकले. किती मिळमिळीत बोलतात गं ते राक्षस.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपला सुट्टी असली की आप्पा दारात पेपर घेऊन बसायचे. "भूतबित काय नसतंय. कशाला डोकं खराब करून घेताय?" एवढं बोलून पेपरात तोंड घालायचे. पण व्हॅन सुरू झाली की त्यांना राहवायचं नाही. "त्या इंजिनाचा आवाज बघ. एवढं राक्षस मारतोय, पर गाडीला तेल पाजाय येत न्हाय ह्याला."

आणि तू! तू ती मालिका बघायची नाहीस, सोलून काढायचीस. "थांब. मागं घे." किती वेळा म्हणायचीस! मला पुढे काय होतंय याची घाई, आणि तुला थोरल्याच्या हाताकडे बघायचं असायचं. तुझाच शोध तो: थोरला जेवताना धाकट्याच्या ताटातलं काहीतरी उचलतोच. एक घास, एखादा बटाट्याचा तुकडा. ज्या भागात तो धाकट्याच्या ताटाला हात लावत नाही, त्या भागात तो त्याच्यापासून काहीतरी लपवतोय. मला पटलं नव्हतं. मग आपण सगळे भाग परत बघितले आणि तू बरोबर निघालीस. त्या दिवसापासून तूही माझ्या ताटातली भाकरी मोडायला लागलीस, मुद्दाम, मला डोळा मारून.

विहिरीचा भाग आठवतो? विहिरीतून धाकट्याच्या आवाजात हाक येते, थोरला काठापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. हा धाकटा नव्हे हे त्याला कसं कळलं, यावर आपण आठवडाभर भांडलो होतो. मी म्हणत होते, घाबरला म्हणून थांबला. तू म्हणालीस, "न्हाय गं. भूत आवाज काढतंय, हाक मारतंय, रडतंय सुद्धा. पण त्याला भांडता येत न्हाय. धाकटा असता तर म्हणाला असता, एवढा वेळ कुठं मेला होतास?" मी हार मानली नाही. अजूनही मानलेली नाही, लक्षात ठेव.

मग त्या व्हॅनमध्ये मिस्त्री आला. गाडी दुरुस्त करायला आला आणि मागच्या सीटवर बसून राहिला. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. दोन भावांच्या गाडीत तिसऱ्याचं काय काम? तू म्हणायचीस, तिसरा नसता तर या दोघांनी एकमेकांना खाल्लं असतं. काय बोलायचीस तू! मी सरळ सांगितलं होतं, मिस्त्री ज्या भागात आहे त्या भागाबद्दल मी तुझ्याशी बोलणार नाही.

आणि मी नोकरीसाठी पुण्याला गेले तर तू काय केलंस? ग्रुप काढलास. नाव ठेवलंस 'मागची सीट'. मला टोमणा होता ना तो? जेऊर, करमाळा, अक्कलकोट, कुठून कुठून माणसं जमवलीस. मालिकेवर मराठीत बोलणारी एवढी माणसं निघाली याचं तुला कोण कौतुक! मला म्हणालीस, तूही ये ग्रुपवर. मी म्हटलं, मला नाही मागे बसायचं. मी पुढच्या सीटवरची आहे.

तू हसलीस आणि विषय सोडून दिलास. जरा आग्रह केला असतास तर काय बिघडलं असतं?

आता मला कळतंय की त्यांना तू तासतासभराचे व्हॉइस मेसेज पाठवायचीस. एकेका प्रसंगावर! थोरल्याचा कोट, व्हॅनचा आरसा, धाकट्याची खोटी सही. आणि मला? "जेवलीस का?" "पोचलीस का?" "आप्पांना फोन कर." माझ्या फोनमध्ये तुझा आवाज शोधायला बसले, तर सगळीकडे मी जेवले की नाही हीच चौकशी.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग आप्पांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मला वाटलं तुझ्या ऑफिसातलं कुणी उठेल. उठला कोण, तर जेऊरला औषधाचं दुकान चालवणारा सागर. मी त्याला आधी कधी बघितलंही नव्हतं. आणि बोलताना असा रडला की सगळं घर रडलं. मी तुझी सख्खी बहीण, माझ्या डोळ्यांत थेंब नाही, आणि लोक त्याला पाणी देतायत! मला त्याच्या हातातला पेला काढून घ्यावासा वाटला. खरंच वाटला.

त्याच बोलण्यात तो म्हणाला, "शेवटच्या भागाला बी ताई आमच्यासंगंच व्हत्या की, अक्कांच्या घरी."

शेवटच्या भागाला!

आपलं काय ठरलं होतं, ताई? मालिका संपली तेव्हा मी पुण्यात होते. तू फोनवर म्हणालीस, शेवटचा भाग दोघींनी मिळून बघायचा, कुणी एकटीने बघायचा नाही. मी थोरल्याच्या व्हॅनची शपथ घातली होती. मग मी घरी आले की रोज उद्या बघू, उद्या बघू. तूच म्हणायचीस, "राहू दे गं. बघितला की संपतं." मलाही ते बरं वाटायचं. आपल्या दोघींत एक न उघडलेली गोष्ट शिल्लक आहे, या भरवशावर मी पुण्यातली कितीतरी कंटाळवाणी वर्षं काढली. आणि तू तो भाग त्यांच्याबरोबर बघून मोकळी झालीस?

त्या दिवशी जेवणं चालू असताना ती सगळी माणसं बाहेर मांडवाच्या कोपऱ्यात उभी होती. मी जवळ गेले की बोलणं बंद. कुणी मठ्ठ्याकडे बघतंय, कुणी चपलांकडे. एकदा तर मी स्पष्ट ऐकलं, "आली, आली, गप बसा." माझ्याच घरात, माझ्या बहिणीच्या कार्यक्रमात! मला वाटलं, हे तुझ्याबद्दलचं असं काहीतरी बोलतायत जे मला माहीत नाही. आणि होतंही तसं एक. तुझ्या आजाराचं अक्कांना माझ्याआधी कळलं होतं. दवाखान्यात पहिल्यांदा त्याच तुझ्याबरोबर गेल्या होत्या. मी मे महिन्यात आठवडाभर घरी होते, आपण रोज समोरासमोर जेवत होतो, आणि तू मला काही बोलली नाहीस. धाकटीला सांगितलं तर नोकरी सोडून येईल, असं अक्कांना म्हणालीस म्हणे. आले असते! त्यात वाईट काय होतं? तू त्या आठवड्यात माझ्या ताटातला एक घासही उचलला नव्हतास. मालिकेतल्या थोरल्याचं मी लगेच पकडलं असतं.

तुझाच एक सिद्धांत होता ना, की त्या मालिकेतलं प्रत्येक भूत म्हणजे हेव्याने जळून गेलेलं कुणीतरी माणूस आहे? नवऱ्याची दुसरी बायको, वाटणीत डावललेला भाऊ, मैत्रिणीची मैत्रीण. तर तू गेल्यापासूनच्या या तीन महिन्यांत मी तेच झाले होते. आरशात बघायला भीती वाटत होती. खटारा व्हॅन घेऊन ते दोघे शुक्रवार पेठेत आले असते, तर पहिल्यांदा मलाच शोधलं असतं.

आता गुरुवारी काय झालं ते ऐक.

अक्का आणि सागर घरी आले. अक्का म्हणजे कशा, तुला काय सांगायचं. दारातूनच आप्पांना म्हणाल्या, "काय हो, वाळला की किती!" आणि हातातला डबा सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. जणू त्यांचंच घर. डबा कुठे ठेवायचा हेही त्यांना माहीत होतं. मी आणखी एक फूटभर जळाले.

सागर खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, "येत्या रविवारी अक्कांच्या घरी शेवटचा भाग लावतोय. तुमी या. तुमी बघितल्याबिगर आमाला त्याच्यावर बोलता येत न्हाय."

मी उसळलेच. "माझं कशाला अडलंय तुमचं? ताईने बघितलाय ना तुमच्याबरोबर? मग झालं की!"

तो अक्कांच्या तोंडाकडे बघायला लागला. "ताईंनी? बघितला? कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. सगळ्यांसमोर. शेवटच्या भागाला ताई आमच्यासंगं होत्या."

"व्हत्या की! पण जिन्यात!"

अक्कांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याजवळ सरकून बसल्या. "अगं खुळे, तुझी बहीण आत आलीच न्हाय. त्या दुपारी आमी समदे आत, दार लावून. ती भायेर जिन्यात बसली. कानात ते गाण्याचं घालून. म्हणाली, धाकटीला शब्द दिलाय. मी म्हटलं, मग आलीस कशाला? तर म्हणती, तुमची तोंडं बघायला. बाहेर येताना तुमची तोंडं कशी असतील तेवढंच बघते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आमी दार उघडलं तर ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. आमच्याकडं बघितलं. सागर रडत होता, मी हसत होते. तशीच उठली, कानावर हात ठेवले आणि म्हणाली, कुणी बोलू नका."

ताई, त्यांच्यापैकी त्या दिवसापासून कुणी बोललेलं नाही. तूच नियम घातला होतास ना, की धाकटीने बघितल्याशिवाय शेवटच्या भागाचं एक अक्षर ग्रुपवर यायचं नाही? एका नव्या माणसाने काहीतरी लिहिलं, तर तू डोळे मिटून फोन अक्कांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, काढा त्याला. मांडवाच्या कोपऱ्यात त्यांची गाडी त्याच शेवटावर आली होती. तुझ्या जाण्याचं दुःख करता करता त्यांना थोरल्याधाकट्याचं काय झालं ते आठवत होतं. आणि मी जवळ आले की ते माझ्यासाठी गप्प होत होते! माझ्यासाठी, ताई. आणि मी त्यांना मनात काय काय म्हणून बसले.

सागर खाली बघून म्हणाला, "खरं सांगू का? आमी तुमच्यावर लई जळायचो. एवढं समदं आमच्याशी बोलायच्या ताई, पण शेवट म्हटलं की धाकटी. आमी म्हणायचो, कोण ही धाकटी? एक दुपार मिळत न्हाय व्हय तिला? तर आमच्यावरच ओरडायच्या. ती बघू म्हणतीय, मीच न्हाय म्हणतीय."

मी हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग जे रडायला लागले ते थांबेचना. सागरने पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला. मी घेतला.

जाताना अक्का म्हणाल्या, "येताना तिचा फोटो आण. टीव्हीसमोर मांडू. तिचं बी बघून होईल." एवढंच ठरवायचं राहिलं होतं, ताई. रविवारी जायचं का, आणि तुला न्यायचं का.

अक्कांनी तुझे सगळे व्हॉइस मेसेज मला पाठवून दिलेत. काल दुपारी त्यातला विहिरीच्या भागाचा लावला. हुबेहूब तू. मधेच खोकतेस, मधेच आप्पांना म्हणतेस, थांबा, आलेच. त्यात तू म्हणालीस, "माझी धाकटी म्हणती थोरला घाबरला म्हणून थांबला." मी मोठ्याने म्हटलं, "मग? घाबरलाच होता! बघ की त्याचे पाय!" आणि वाट बघितली. तू पुढे दुसरंच बोलायला लागलीस. मी परत म्हटलं, अजून जोरात. तू बोलतच राहिलीस, गोड आवाजात, माझं काही न ऐकता. मग मी फोन उशीखाली ठेवून दिला. तुझं बरोबर होतं गं. आवाज येतो, भांडण येत नाही.

म्हणून आज हे पत्र. भांडतेय तेव्हा मीच आहे, याची तुला तरी खात्री पटावी.

फोटोचं मी आप्पांना विचारलं. नेऊ का म्हटलं, सगळे म्हणतायत. आप्पा म्हणाले, "फोटो म्हंजे कागद. कागदाला डोळं असत्यात व्हय?" आपल्या आप्पांचं उत्तर ठरलेलंच. पण जेवून हात धुताना, माझ्याकडे पाठ करून, हळूच म्हणाले, "तरी पण नगं नेऊस. एवढी वर्सं थांबली ती. तिला तो भाग चार लोकांत कशाला दाखवायचा?"

अगदी माझ्या मनातलं बोलले. तू बघशील तर माझ्या शेजारी बसून, माझ्या ताटातलं खात, मागं घे म्हणत. ते आता होणार नाही. मग तुझा न बघितलेलाच राहू दे. त्या माणसांना तुझे तासतासभराचे मेसेज मिळाले, तुझा ग्रुप मिळाला, दवाखान्यातली सोबतसुद्धा मिळाली. तुझं थांबणं तेवढं माझं आहे. ते मी टीव्हीसमोर मांडणार नाही.

रविवारी मी जाणार आहे. एकटी. अक्कांकडे आत बसून बघणार आहे, मागच्या सीटवर. शेंगाचटणी खाईन, सागर चुकीचं बोलला तर भांडेन, तुझ्या बाजूने आणि माझ्याही बाजूने. मिस्त्रीबद्दल चांगलं मात्र बोलणार नाही, ते सांगून ठेवते.

आणि शब्द देते, ताई. शेवट काय झाला ते मी तुला कधीही सांगणार नाही. या खोलीत तुझा फोटो आहे, इथे त्या भागाचं एक अक्षर कुणाला काढू देणार नाही, सागरला नाही, अक्कांनाही नाही. नियम म्हणजे नियम. आप्पांनी तर आत्ताच सांगून ठेवलंय, "बघून आलीस की मला सांग त्या दोघांचं काय झालं ते. पण हितं नको. भायेर गल्लीत चल, तितं सांग."

तुझी, आणि तेवढी एकच,
धाकटी